बाबांची १९८९ ची लिंकन टाउन कार - तुमच्याकडेही होतं का असं एखादं जहाज?

नंदू_मिशिगन

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसता वाचतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे बाबा मागच्या नोव्हेंबरात गेले. घरातलं बाकी सगळं हळूहळू आवरून झालं, कपडे, पुस्तकं, औषधं, पण गॅरेजमधे त्यांची १९८९ ची लिंकन टाउन कार उभी आहे आणि तिच्यापाशी आलं की आमचे सगळ्यांचेच हात थांबतात. मरून रंग, वर पांढरं व्हायनिलचं छप्पर, आत मरून वेलोर, म्हणजे मखमलीसारखं कापड. लांबी साडेपाच मीटरच्या वर, त्यामुळे गॅरेजचं दार लागावं म्हणून बाबांनी छतातून दोरीला एक टेनिस बॉल टांगलाय, बॉल काचेला टेकला की थांबायचं, चार बोटं पुढे गेलं तर भिंत आणि चार बोटं मागे राहिलं तर दार लागत नाही. तो बॉल अजून तसाच लटकतोय.

बाबा १९७४ ला पुण्याहून डेट्रॉइटला वेन स्टेट युनिव्हर्सिटीत एमएस करायला आले. पहिली पंधरा-सोळा वर्षं जुन्या छोट्या गाड्यांवर काढली. १९९१ मधे शेजारच्या रिटायर्ड आजोबांनी ही विकायला काढली तेव्हा दोन वर्षांची होती, ३१ हजार मैल झालेले. आई म्हणाली, एवढी मोठी कशाला. बाबा म्हणाले, तू फक्त एकदा दार लावून बघ. आईने लावलं. माडीवरची जड गादी जमिनीवर टाकल्यावर येतो ना तसा आवाज, धप्प, आणि त्याच्यानंतर एकदम शांत. आईने पुढे काही विचारलं नाही.

त्या वेळी या गाड्या आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर विक्समलाच बनायच्या. आय-९६ वरून जाताना कारखाना दिसला की बाबा स्टिअरिंगवर थोपटून गाडीला म्हणायचे, "आलं बघ गं तुझं माहेर." दर वेळी. आम्ही पोरं मागून त्यांच्या बरोबरीने म्हणायचो. २००७ मधे तो कारखाना बंद झाला त्या आठवड्यात ते एकटेच तिकडे गाडी घेऊन गेले होते, हे आम्हाला आईकडून नंतर कळलं.

पुढची सीट सलग, गिअर स्टिअरिंगला, म्हणजे पुढे तिघं आरामात. दर वर्षी गणपतीची मूर्ती याच गाडीतून मंडळाच्या हॉलवर जायची आणि मूर्तीची जागा ठरलेली, आई आणि बाबांच्या मधे, पाटावर, पोटावरून सीटबेल्ट लावून आणि सोंडेला धक्का लागू नये म्हणून आईचा हात पुढे धरलेला. ५० च्या लिमिटला बाबा ३५ ने चालवायचे आणि मागचे हॉर्न वाजवत नसत, का कुणास ठाऊक.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, तुमच्यापैकी कुणाकडे अशी जुनी कॅडिलॅक, लिंकन, ब्युइक होती का, आठवणी लिहा प्लीज, आईला रात्री वाचून दाखवीन. दुसरी, ड्रायव्हरच्या दारावर हँडलपाशी पाच बटणांचं कीपॅड आहे, किल्लीशिवाय दार उघडायचं. कोड बाबांनाच ठाऊक होता, आम्ही कधी लक्षच दिलं नाही. आईला विचारलं तर तिलाही माहीत नाही. किल्ल्या आहेत, त्यामुळे अडलं असं काही नाही, पण बाबांनी शेवटपर्यंत दार त्या बटणांनीच उघडलं आणि मलाही तसंच उघडायचंय. कोड कुठे लिहिलेला असतो का?

धाकटा भाऊ विकू या म्हणतोय. त्याचंही चूक नाही, तो सिअ‍ॅटलला असतो, मी आठवड्यातून एकदा आईकडे जातो, गाडीकडे बघणार कोण.

सदाकाका_शिकागो

नंदू, वडिलांचं वाचून वाईट वाटलं रे. आम्ही एकाच वेळचे, मी १९७६ ला आलो.

माझ्याकडे १९७९ ची कॅडिलॅक सेदान द व्हिल होती, फिकट पिवळी, १९८४ मधे वापरलेली घेतली. ४२५ क्युबिक इंचाचं व्ही-८, म्हणजे जवळपास ७ लिटर. माझे वडील सांगलीला एसटीच्या वर्कशॉपमधे तीस वर्षं मेकॅनिक. १९८६ मधे आईला घेऊन पहिल्यांदा आले, ओहेअर विमानतळावरून घरी आणलं, जेट लॅग वगैरे काही नाही, सकाळी सहाला उठून अंगणात, बॉनेट उघडून उभे. थंडी होती म्हणून माझं जाकीट त्यांच्या खांद्यावर टाकायला गेलो तर म्हणाले किती लिटरचं रे हे. सांगितलं. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. ते ज्या लेलँडच्या बसची इंजिनं उतरवायचे-चढवायचे ती सहा लिटरच्या आसपास आणि तिच्यात माणसं पन्नास. इथे सात लिटर आणि बसणार कोण तर आम्ही चौघं. मला वाटलं आता उधळेपणाबद्दल ऐकून घ्यावं लागणार. पण त्यांनी चालू करायला लावली आणि बॉनेटच्या कडेवर पालथा हात ठेवून उभे राहिले, थरथर किती आहे ते बघत होते. म्हणाले, "चालू हाय का बंद हाय कळंना." त्यांच्या तोंडून याच्यापेक्षा मोठं कौतुक मी जन्मात ऐकलेलं नाही, माझ्या डिग्रीचंही नाही.

या गाडीत गॅस (म्हणजे पेट्रोल, इथे गॅसच म्हणतात) भरायचं तोंड मागच्या नंबर प्लेटच्या पाठीमागे. प्लेट स्प्रिंगवर असते, ओढून खाली धरायची आणि मधे नळी घालायची. माझ्या आईला ते इतकं आवडलं की गॅस स्टेशन आलं की ती उतरायची, पदर खोचून, प्लेट धरून उभी राहायची, मी नळी लावायचो. आणि पुढच्या दोन्ही मडगार्डवर बारीक दिवे होते, हेडलाइट आणि सिग्नल लागलेत की नाही ते ड्रायव्हरला बसल्या जागी दिसावं म्हणून. ते काचेच्या धाग्याने चालतात, म्हणजे तिथे वेगळा बल्ब नसतोच, हेडलाइटचाच उजेड त्या धाग्यातून वर येतो. वडिलांनी हे समजावून घ्यायला मला अर्धा रविवार कामाला लावलं होतं, एकेक दिवा हाताने झाकून बघितला.

गाडी १९९७ पर्यंत टिकली. शिकागोचं मीठ. हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते खालून फ्रेम खाऊन टाकतं, वरून पिवळी धमक आणि खालून चाळण झालेली. तुझ्या वडिलांनी हिवाळ्यात बाहेर काढली नसेल तर गाडी अजून धडधाकट असणार, खाली टॉर्च मारून बघ.

शिवडीकर

आमच्याकडे कधी अमेरिकन गाडी नव्हती पण राहवत नाही म्हणून लिहितो. माझे पणजोबा शिवडीला जनरल मोटर्सच्या कारखान्यात होते. हो, मुंबईत होता, १९२८ ला सुरू झाला, सुटे भाग बोटीने यायचे आणि इथे गाड्या जोडायचे. १९५४ ला बंद पडला. आजोबा सांगायचे की पणजोबांना रस्त्यात गाडी दिसली की दुरून आवाजावरूनच सांगायचे कुठली ते. सदाकाका, तुमच्या वडिलांचा पालथा हात वाचून तेच आठवलं.

नंदू, फोटो टाक की गाडीचा.

कुमुद_ह्यूस्टन

नंदू, मी तुझ्या आईच्या वयाची असेन त्यामुळे अरे-तुरे करते.

आमची १९७८ ची लिंकन कॉन्टिनेंटल. तुझ्या बाबांच्या गाडीची मोठी बहीण, २३३ इंच, म्हणजे सहा मीटरला थोडीच कमी. ह्यूस्टनला १९८६ मधे तेलाचे भाव कोसळले, माणसांच्या नोकऱ्या जात होत्या, लोक घरं सोडून चालले होते, आमच्या अपार्टमेंटमधल्या एका तेल कंपनीतल्या माणसाने जाताना ती ह्यांना दिली, अगदी कमी पैशात. घेताना ह्यांना फार अपराधी वाटत होतं. तो म्हणाला मला माहितीये तू हिला नीट ठेवशील, किल्ली हातात ठेवली आणि वळून न बघता गेला. मला तो माणूस अजून आठवतो, किल्लीला एक छोटा चामड्याचा बूट होता.

मी ड्रायव्हिंग त्या गाडीवर शिकले. पाच फूटसुद्धा उंची नाही माझी. पाठीला एक उशी, खाली एक उशी, साडी, आणि समोर एवढं लांब बॉनेट की त्याच्या टोकाचा तो तारा मला दुसऱ्या गल्लीत असल्यासारखा वाटायचा. चर्चचं मोठं पार्किंग शनिवारी रिकामं असायचं तिथे हे मला न्यायचे. ह्यांनी एक गोष्ट सांगितली ती मी नंतर माझ्या तिन्ही मुलांना सांगितली, बॉनेटकडे बघू नको, जिथे जायचंय तिथे बघ, गाडी येते मागोमाग. आणि खरंच यायची हो. एका बोटाने वळायची. मला भारतात सायकलसुद्धा धड येत नव्हती आणि एक दिवस मी ती गाडी एकटीने ग्रोसरीला घेऊन गेले, तीन गाड्यांच्या जागा सोडून लांब कोपऱ्यात लावली, आणि दुकानात न जाता पाच मिनिटं तशीच आत बसून राहिले. घामाघूम. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, हे ह्यांना ठाऊक आहे.

तिचे हेडलाइट झाकलेले असायचे, वर पापणीसारखी पट्टी, दिवे लावले की पापण्या वर. त्या इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतात. रबराच्या नळ्या जुन्या झाल्या की बंद करून ठेवलेल्या गाडीतला व्हॅक्यूम रात्रभरात निघून जातो आणि पापण्या आपोआप उघडतात. माझी मोठी लेक तेव्हा तीन वर्षांची, सकाळी खिडकीतून बघायची आणि ओरडायची, आई गाडी उठली! मग आम्ही उठायचो. ह्यांनी त्या नळ्या बदलायला आणून ठेवल्या होत्या पण लेकीने बदलू दिल्या नाहीत, शाळेत जायला लागेपर्यंत ती गाडी अशीच रोज उठायची.

आता तुझ्या कोडचं. ते कीपॅड आमच्या गाडीत नव्हतं पण नंतरच्या एका गाडीत होतं. कंपनीचा कोड वेगळा असतो आणि आपला आपण दुसरा घालता येतो, तोही पाचच आकडी. तुझे बाबा काय घालतील त्याचा विचार कर. वाढदिवसाचे आकडे पाचात बसत नाहीत.

लोखंडे_ओहायो

मी जुन्या गाड्यांत हात काळे करतो, त्यामुळे कामाचं लिहितो, आठवणी या लोकांनी छान लिहिल्यात.

कंपनीचा पाच आकडी कोड त्या काळातल्या गाड्यांत बहुतेक वेळा ट्रंकच्या (डिकीच्या) झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा बिजागरीवर छोट्या स्टिकरवर असतो, आधी तिथे बघ. नाहीतर कीपॅडचा जो कंट्रोल डबा आहे त्याच्यावर छापलेला असतो, ट्रिम म्हणजे आतलं प्लास्टिकचं आवरण काढून बघावं लागेल, घाई करू नकोस, जुनं प्लास्टिक तुटतं. एका बटणावर दोन आकडे असतात, १-२, ३-४ असे, त्यामुळे १ दाबा नाहीतर २, गाडीला एकच. कोड लागला की ड्रायव्हरचं दार उघडतं, लगेच पाच सेकंदांत ३-४ दाबलं की बाकीची दारं, ५-६ दाबलं की ट्रंक. ७-८ आणि ९-० एकदम दाबले की सगळं लॉक.

आता गाडी उभी आहे त्याबद्दल. टाकीत फ्युएल स्टॅबिलायझर घाल, इथल्या गॅसमधे इथेनॉल असतं ते उभ्या गाडीत त्रास देतं. टायरमधे हवा भर. उंदरांसाठी एअर फिल्टरचा डबा उघडून बघ, माझ्या एका ब्युइकमधे पूर्ण घरटं निघालं होतं, पिल्लांसकट. आणि आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू करून बंद करायची ही जी सवय असते ना लोकांची ती करू नको, इंजिन नीट तापत नाही आणि सायलेन्सरमधे पाणी साचतं. काढायची तर अर्धा तास रस्त्यावर काढ, नाहीतर उभी राहू दे.

मिशिगनमधे २६ वर्षं किंवा त्याहून जुन्या गाडीला हिस्टॉरिक नंबर प्लेट मिळते. रोजच्या वापराला नाही चालत, पण शो, परेड, क्लबचे कार्यक्रम चालतात आणि ऑगस्ट महिनाभर मात्र कशीही फिरवता येते. ऑगस्टच का ते तुला डेट्रॉइटवाल्याला सांगायला नको. तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, १९९५ पासून. फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅकपर्यंत नुसत्या जुन्या गाड्या. मी दर वर्षी टोलीडोकडून वर जातो. लोक फुटपाथवर खुर्च्या टाकून बसतात आणि ज्याच्या बापाकडे तसली गाडी होती तो उठून जवळ येतो. दर वेळी. तुझी टाउन कार घेऊन आलास तर तू एकटा पडणार नाहीस एवढं लिहून देतो.

आणि सदाकाका, कॅडिलॅक मोठी का लिंकन असा वाद तुम्ही सुरू केला नाहीत हे बरं केलंत, कारण दोन्ही एकाच माणसाने काढल्या. हेन्री लीलँड. १९०२ मधे कॅडिलॅक, ती जनरल मोटर्सने १९०९ ला घेतली, नंतर तिथून बाहेर पडून १९१७ मधे लिंकन, ती फोर्डने १९२२ मधे घेतली. अब्राहम लिंकनला म्हातारा स्वतः मत देऊन आला होता, त्याचं नाव गाडीला दिलं. एक हजारांश इंच इकडेतिकडे चालायचं नाही त्याला. त्या दाराचा धप्प आवाज कुठून येतो ते विचारलंस तर मी म्हणेन तिथूनच येतो.

विकण्याबद्दल माझं मत, या गाड्यांना अजून फार पैसे येत नाहीत, त्यामुळे पैशासाठी विकू नका. जागेसाठी विकायची तर गोष्ट वेगळी.

नंदू_मिशिगन

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. कुमुदकाकूंची पापण्यांची गोष्ट दोनदा वाचायला लावली.

लोखंडेदादा, ट्रंकच्या झाकणाला आतून स्टिकरची जागा सापडली पण स्टिकर नाही, नुसता चौकोनी गोंदाचा डाग राहिलाय. ट्रिम काढायची हिंमत होत नाहीये. गंज मात्र जवळजवळ नाही, बाबा पहिला बर्फ पडायच्या आधी गाडी आत घ्यायचे ते एप्रिलमधे दोन-तीन पाऊस पडून रस्ते धुतले जाईपर्यंत काढायचे नाहीत. बॅटरीला छोटा चार्जर लावलेला असतो, तो अजून चालू आहे, हिरवा दिवा दिसतो.

अजून एक राहिलं सांगायचं. १९९३ मधे पुण्याहून काका-काकू आले तेव्हा मॅकिनॉ ब्रिजला गेलो होतो. पाच मैलांचा पूल. त्याच्या आतल्या लेनला डांबर नाही, लोखंडी जाळी आहे, खाली पाणी दिसतं, आणि जाळीवर टायर गेले की सूर लागतो. बाकीच्या गाड्यांचा किंचाळल्यासारखा आणि आमच्या गाडीचा आतून ऐकला तर तंबोऱ्यासारखा. काकूंनी त्याच्यात सा लावला. खरंच लावला, त्या गाणं शिकलेल्या होत्या. बाबांनी स्पीड कमी-जास्त करून सूर जुळवून दिला आणि पूल संपेपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.

कुमुद_ह्यूस्टन

नंदू, अंगावर काटा आला. आईला माझा नमस्कार सांग.

मी काल विचार करत होते. आमच्या वेळी पुण्याचे फोन नंबर पाच आकडी होते. घरी फोन नसायचा, पण ज्यांच्याकडे निरोप द्यायचा त्यांचा नंबर आम्हा सगळ्यांना तोंडपाठ. आईला विचार बाबा कुठे फोन लावायचे.

नंदू_मिशिगन

काकू.

आईला काल जेवताना विचारलं. तिने घास खाली ठेवला आणि नंबर म्हणून दाखवला, एका दमात, मधे न थांबता. सदाशिव पेठेत वाड्यात खालच्या मजल्यावर डॉक्टर राहायचे त्यांचा फोन. बाबा १९७४-७५ मधे ऑपरेटरकडे कॉल बुक करायचे, तासन्‌तास वाट बघायची, मग डॉक्टरांकडचं कोणीतरी जिन्यात येऊन आजीला हाक मारायचं, ती खाली उतरेपर्यंत मिनिटाचे पैसे चालू. आई तेव्हा समोरच्या वाड्यात राहायची, लग्न व्हायचं होतं, तिलाही त्याच नंबरवर बोलवायचे.

तसेच उठलो, आईने स्वेटर घातला, गॅरेजचा दिवा लावला. मी म्हटलं मी दाबतो. ती म्हणाली सरक. पहिल्यांदा काहीच झालं नाही, बटणं गार पडली होती आणि तिने हळू दाबली होती. दुसऱ्यांदा अंगठ्याने जोरात दाबली, पाचवं दाबलं आणि खट्. आईने हात मागे घेतला, माझ्याकडे बघितलं आणि परत पुढे होऊन ५-६ दाबलं, तुम्ही सांगितलेलं तिच्या लक्षात होतं. ट्रंक उघडली. किल्लीने उघडून झाकण तपासलं तेव्हा मी वरच बघत होतो, खाली बघितलंच नव्हतं. एका कोपऱ्यात गणपतीचा पाट, जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेला, सुतळीने बांधून ठेवलेला, पुढच्या वर्षीसाठी.

आईने पाट घरात नेला नाही. तिथेच ठेव म्हणाली.

लोखंडेदादा, स्टॅबिलायझर आज आणला, टाकी अर्ध्याच्या थोडी वर आहे. किती घालायचा? आणि आधी घालून मग टाकी फुल करायची की उलटं?